डाव्या बाजूचा पत्रा

अहो, ते वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो. भर दुपार. ऊन नुसतं मी म्हणत होतं. अंगणात आमची व्हॅन उभी, तिची डावी बाजू सोलून काढलेली, आणि आमचे हे एका हाताने डोळा दाबून मला विचारतात, "अगं, लाइट गेली का?"

अंगणात! उन्हात! लाइट!

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय डोंबल कळणार. पहिल्यापासून सांगते.

आमचे हे डेंटर. गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, ठोकण्यापलीकडे गेला असेल तर कापून दुसरा बसवायचा, हा त्यांचा धंदा. गल्लीत त्यांना सरळकाका म्हणतात. पत्रा सरळ करतात म्हणून, आणि बोलतात इतकं सरळ की ऐकणाऱ्याला घाम फुटावा म्हणूनही. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. गाडी बाहेरून त्यांची आणि आतून माझी, असा आमचा संसार. ह्यांची सगळी हयात एका गॅरेजमध्ये गेली. ते बंद पडलं तेव्हा मालकाने जाता जाता ही जुनी निळी व्हॅन ह्यांच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली असं मी म्हणते. ह्यांच्या मते ते बक्षीस होतं.

तर ह्यांची खरी मिजास ठोकण्यात नव्हती, वाचण्यात होती. पुस्तक नव्हे हो, पत्रा. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "काका, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं." हे उकिडवे बसायचे, चेपलेल्या जागेवरून दोन बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "उभी नव्हती. चालत होती. तुम्ही मागे घेत होता, खांबाला लागली. आणि तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता."

"फोनचं कसं कळलं काका?"

"ते पत्र्यावरून नाही कळलं. तुमच्या तोंडावरून कळलं."

माणूस खोटं बोलेल, पत्रा बोलणार नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते मला ऐकावं लागायचं. पाहुण्यांना तर चहाच्या आधी ते मिळायचं.

आणि पत्रा नीट बसला की नाही हे बघायची त्यांची एक तऱ्हा होती. गाडीच्या एका टोकाला गुडघे टेकायचे, गाल पत्र्याच्या जवळ न्यायचा, डावा डोळा गच्च मिटायचा आणि उजव्याने कडेकडेने पार दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं. कुठे केसाएवढा उंचवटा असला तरी त्यांना दिसायचा. शिकाऊ होते तेव्हा त्यांच्या उस्तादाने डावा डोळा मिटायला शिकवलं, ते हे जन्मभर मिटत राहिले. लग्न नवं होतं तेव्हा मी भिंतीवर एक फोटो लावला, तर तोसुद्धा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून तपासला त्यांनी. मला हसू आवरेना. नजरेचा त्यांना भारी तोरा. वाचायचा चष्मा लागायचा तेवढाच, आणि तोही रस्त्यावरच्या ढिगातला, एकेक नाकावर चढवून पसंत केलेला. डॉक्टर म्हटलं की म्हणायचे, "अर्ध्या गावाच्या गाड्या ह्या नजरेने सरळ झाल्यात. मला कोण तपासणार?"

व्हॅन आम्ही दोघंही चालवायचो. मी उशिरा शिकले, लेकीचं लग्न झाल्यावर. कव्हरांचे गठ्ठे डोक्यावरून किती वाहायचे? हळू चालवते मी, मान्य. मागचे हॉर्न वाजवतात, तेही मान्य. पण चालवते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अरुंद वळण आहे. बाहेर पडताना डाव्या हाताला पिठाच्या गिरणीची भिंत, उजव्या हाताला पंक्चरवाल्याचं खोपटं. तर झालं काय, गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे उठायला लागले. पहिला मडगार्डवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर. मग दरवाजावर. मग मागे. हे सकाळी गाडी धुवायला जायचे आणि तिथूनच हाक यायची, "अगं ए, बाहेर ये जरा!"

"मी नाही हो," मी म्हणायची.

"मग काय गिरणी चालत आली?"

"तुम्ही नसाल का लावलं?"

असं हसायचे, जणू मी विचारलं होतं की माशाला पोहता येतं का. मग मला उकिडवं बसवायचे आणि वाचून दाखवायचे. "हे बघ. ओरखडा एका दमात पुढून मागे गेलाय. ब्रेक मारल्याची खूण नाही. गाडी बाजूला काढून घेतल्याची खूण नाही. म्हणजे चालवणाऱ्याला आपण घासतोय हे कळलंच नाही."

"मला तर असलं काही आठवत नाही."

"तेच तर म्हणतोय मी! कळलं असतं तर आठवलं असतं."

आता यावर काय बोलणार, कप्पाळ? बोलायला जागाच ठेवायचे नाहीत. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण हळूहळू मलाच ते पटायला लागलं. इतका जाणता माणूस सांगतोय, पत्र्यावर बोट ठेवून सांगतोय, मग आपलंच काहीतरी चुकत असणार. वळणावर मी गाडी थांबवून खाली उतरायची, भिंत आणि गाडीच्या मधे हात घालून बघायची आणि परत चढायची. मागचे लोक डोकं धरून बसायचे. तरी दुसऱ्या दिवशी ओरखडा हजर! मला रडू यायचं. बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, असं मी आरशात बघून स्वतःला विचारलंय.

पंक्चरवाल्याने माझं नाव घासूवहिनी ठेवलं. ठेवलं त्याने, पण त्याला खाद्य पुरवलं आमच्या ह्यांनी. संध्याकाळी त्याच्या खोपट्यात बसून गाडीचा नवा ओरखडा मिटक्या मारत सांगायचे. गल्ली हसायची. मीही हसायची, न हसून सांगते कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं चाललं होतं, फक्त संन्याशालाही वाटत होतं की चोरी आपणच केली.

आमची नात शाळेत जायला लागली होती. लेक जवळच राहते, तिला भल्या सकाळी कामावर जावं लागतं, म्हणून नातीला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे. पुढच्या सीटवर, आजोबांच्या डावीकडे बसायची ती. एकदा जेवताना म्हणाली, "आजोबा चालवतात तेव्हा गाडी ओरडते. आजी चालवते तेव्हा गप्प असते."

आम्ही केवढे हसलो! हे म्हणाले, "बघ, गाडीलाही कळतं मालक कोण ते." ह्यांना तसं ऐकू कमीच यायचं, हातोडीच्या आवाजात उभा जन्म गेलेला, त्यामुळे ते वाक्यही मला मोठ्याने परत सांगावं लागलं होतं. आणि मी ते हसत हसत सांगितलं.

शेवटी ह्यांनी जाहीर केलं की डावी बाजू आता पुट्टी भरून भागायची नाही. ओरखड्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग, त्यावर परत ओरखडा, असे थर चढले होते. सगळे पत्रे बदलायचे. मडगार्ड, दरवाजा आणि मागचं पॅनल. "आणि एकदा नवीन पत्रा बसला," किल्ली खिशात टाकत म्हणाले, "की तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस. गठ्ठे मी पोचवीन."

मला राग आला का? आला. पण खरं सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

भंगारवाल्याकडून पत्रे आले. दरवाजा हिरवा, मडगार्ड पांढरं, मागचं पॅनल लाल. प्रत्येक पत्रा टकटक करून, कानाशी नेऊन घेतलेला. अंगणात मांडामांड झाली. जुना दरवाजा बिजागरीपासून सोडवला तो मी धरला, अबब, काय ते वजन! तो भिंतीला टेकवून ठेवला. मडगार्ड बोल्टवर असतं, ते निघालं. मागचं पॅनल मात्र वेल्डिंगने चिकटवलेलं असतं. एकेक ठिपका ग्राइंडरने घासून सोडवावा लागतो, आणि ठिणग्या ह्या एवढाल्या उडतात.

"डोळ्यांवर तो गॉगल लावा," मी म्हटलं. गॉगल खिडकीत धूळ खात पडला होता.

"त्यातून धुरकट दिसतं."

"अहो, एक किटाळ गेलं तर?"

"इतक्या वर्षांत गेलं का?"

आणि गेलं. वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. ग्राइंडर खर्रर्र करून वाजला, हे "आई गं!" म्हणून मागे सरले, ग्राइंडर खाली पडून गरगर फिरायला लागला. मी धावत जाऊन आधी त्याचा प्लग ओढला. हे उजवा डोळा तळहाताने दाबून उभे. डावा उघडा. टक्क उघडा.

आणि तेव्हा ते म्हणाले, "अगं, लाइट गेली का?"

मला वाटलं ऊन लागलं. वाटलं, दुखण्याने काहीतरी बरळतायत. "अहो, भर दुपार आहे. अंगणात आहोत आपण."

"मग हे काळं काय झालंय?"

"काय काळं झालंय?"

"सगळं." दुसरा हात त्यांनी पुढे केला आणि हवेत चाचपायला लागले. "तू कुठे आहेस?"

देवा रे! मी त्यांच्या समोर उभी होते. हातभर अंतरावर. त्यांच्या उघड्या डोळ्यासमोर. मी बोटं हलवली, त्या डोळ्याची पापणीही लवली नाही. किटाळ गेलं होतं उजव्या डोळ्यात, आणि दिसत नव्हतं डाव्याने! हे कसं काय? मी त्यांचा डावा डोळा उन्हाकडे वळवला. "आता?"

"कोपऱ्यात जरासा उजेड आहे," ते म्हणाले. मग लहान पोरासारख्या आवाजात विचारलं, "काय झालं गं मला?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी काय झालं म्हणून विचारलं नव्हतं. नेहमी तेच सांगायचे.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"तू?"

"नाही, गिरणी चालवेल. द्या म्हणते ना!"

मागचं पॅनल अर्धं सुटून लोंबत होतं. ते मी सीटच्या कव्हरची जाड पट्टी घेऊन करकचून बांधलं. मडगार्ड नाही, पुढे डावीकडे दरवाजा नाही. अशा गाडीत ह्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. आणि हे महाशय, उजवा डोळा दाबलेला, डाव्याने ठार अंधार, मागून मला काय म्हणतात? "वळणावर सांभाळ! भिंतीला घासू नकोस!"

"आता डावी बाजू उरलीये कुठे घासायला!" मी खेकसले.

वळणावर पंक्चरवाला खोपट्याच्या दारात उभा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्याने ती सोललेली गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि मोठ्याने ओरडला, "काय घासूवहिनी, आज तर दरवाजाच गिळलात!" त्याच्या खोपट्यातली दोन-तीन माणसं खो खो हसली. मी बघितलंसुद्धा नाही. भिंत डावीकडून गेली, इतकी जवळून की दरवाजा नसल्यामुळे तिचा गारवा लागला. पण लागली नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी उजव्या डोळ्यात औषध टाकून किटाळ काढलं. "हा डोळा बरा होईल," त्या म्हणाल्या, आणि मी हुश्श केलं. मग त्यांनी डाव्या डोळ्यात बॅटरी मारली. मग एका यंत्रातून बघितलं. मग परत बघितलं. त्यांचं तोंड गंभीर झालं.

"काका, ह्या डोळ्याने कधीपासून दिसत नाही?"

"दिसत होतं की," हे म्हणाले. "आज सकाळपर्यंत."

"नाही हो काका. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. हे आजचं नाही, कितीतरी दिवसांचं आहे. दुसऱ्या डोळ्याने भागून जातं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्याने कधी बघितलंच नाहीत का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. उजवा मिटून? ह्यांनी? जन्मभर दिवसातून शंभरदा डोळा मिटला, आणि शंभरही वेळा डावाच मिटला. तो डोळा विझत गेला तरी कामात कणभर फरक पडला नाही, कारण कामाला तो कधी लागलाच नव्हता! ज्या नजरेचा एवढा तोरा, ती एकाच डोळ्याची होती, आणि हे त्यांना ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही.

"डावीकडच्या वस्तूंना धडकता का कधी?" बाईंनी विचारलं. "दाराची चौकट, माणसं, असं?"

"छे," हे म्हणाले. नेहमीचं सरळ, ठणठणीत छे.

आणि मग मी बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललाय. हात आपोआप वर आला, दोन बोटं हवेत पुढून मागे सरकली, एका दमात, पत्र्यावरून फिरवतात तशी.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माझ्या गाडीची डावी बाजू."

मला तर विजेचा झटका बसावा तसं झालं. ब्रेक मारल्याची खूण नाही. चालवणाऱ्याला कळलंच नाही. सगळं बरोबर वाचलं होतं ह्या माणसाने! अक्षर न् अक्षर बरोबर! फक्त नाव दुसऱ्याचं लावलं, माझं.

असा संताप आला म्हणून सांगू! सगळं एकदम आठवलं. वळणावर उतरून भिंतीत हात घालणारी मी. आरशात बघून स्वतःला वेडी म्हणणारी मी. घासूवहिनी, घासूवहिनी. वाटलं, आत्ता, ह्या डॉक्टरीणबाईंच्या समोर ह्यांची चांगली हजेरी घ्यावी. तोंड उघडलंही होतं मी. आणि तेवढ्यात दुसरीच गोष्ट डोक्यात आली आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

डावीकडे नात बसायची.

रोज सकाळी. दप्तर मांडीवर घेऊन. दिसत नव्हतं त्या बाजूला, भिंत घासत होती त्या बाजूला, बोटाएवढ्या पत्र्याच्या पलीकडे. भिंतीच्या जागी एखादी भरधाव गाडी असती तर? मी बाकड्यावर बसले आणि बाईंनी मला पाणी दिलं, पेशंट हे की मी तेच कळेना.

डावा डोळा परत येणार नाही, बाईंनी स्पष्ट सांगितलं. उजव्यातही दाब वाढायला लागलाय, पण तो वाचवता येईल. रोज न चुकता थेंब घालायचे, पुन्हा पुन्हा दाखवायला यायचं. ते किटाळ गेलं नसतं तर उजवाही असाच गुपचूप गेला असता, असंही म्हणाल्या. आणि गाडी चालवायची नाही. हे सांगताना त्या जरा चाचरल्या. ह्यांनी मान हलवली.

उजव्या डोळ्यावर दिवसभराची पट्टी बांधली होती, म्हणजे परतताना ह्यांना काहीच दिसत नव्हतं. मागच्या सीटवर बसले होते. गिरणीजवळ गाडी हळू केली तेव्हा म्हणाले, "वळण आलं?"

"आलं."

थोड्या वेळाने, "भिंत गेली?"

"गेली."

"घासलं नाही?"

"नाही घासलं."

पंक्चरवाला तिथेच होता. पट्टी बघून धावत आला, "अहो काय झालं काकांना? वहिनी, कुठे धडकवलीत का काय?" त्याच्या तोंडात तेच येणार, दुसरं काय येणार? सवयच पडलेली.

"थांबव गाडी," हे मागून म्हणाले. मी थांबवली. हे मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, पट्टी बांधलेलं तोंड भलतीकडेच करून, मोठ्याने बोलायला लागले. ऐकू कमी येणारा माणूस, त्याला हळू बोलता येतं कुठे? अख्ख्या गल्लीने ऐकलं. "ऐक रे. हिने एकदाही धडकवली नाही. ते सगळे ओरखडे माझे. माझा डावा डोळा गेलाय, मला पत्ताच नव्हता. आणि मी हिचं नाव घेत बसलो. आजपासून तिला घासूवहिनी म्हणालास तर तुझ्या खोपट्याचा पत्रा मी हातोडीने असा वाचून काढीन की तुला छप्पर उरणार नाही."

पंक्चरवाल्याने हातातला टायर खाली ठेवला. किती वेळा मी मनात घोळवलं होतं की एक दिवस कुणीतरी असं म्हणेल आणि मी कंबरेवर हात ठेवून म्हणेन, बघा, सांगत नव्हते का! आणि आता ते झालं तर माझ्याच्याने गिअरसुद्धा पडेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं, "पुरे, आत घ्या डोकं, नाहीतर तेही कापून बसवावं लागेल."

पट्टी सुटल्यावर ह्यांनी पहिलं काय केलं असेल, तर जुना निळा दरवाजा भिंतीवरून उचलून उजेडात घेतला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. एकेक ओरखड्यावरून बोटं फिरवत होते. मी चहा घेऊन गेले. "बरोबर वाचलं होतं मी," म्हणाले. मग, "तुझं ऐकायला हवं होतं." एवढंच. पण ह्या माणसाच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मी त्यांना म्हटलं, "राग माझा अजून गेलेला नाही, सांगून ठेवते." म्हणाले, "नको जाऊ देऊस. हक्काचा आहे."

पत्रे मात्र त्यांनीच बसवले. गॉगल लावून! कुरकुर न करता! मागचं पॅनल वेल्डिंग झालं, हिरवा दरवाजा बिजागरीवर चढला, त्याच्या रेषेत पांढरं मडगार्ड. शेवटी सवयीने गुडघ्यावर बसले, गाल पत्र्याशी नेला, डावा डोळा गच्च मिटला. आणि मिटल्यावर त्यांनाच आठवलं की मिटला काय नि उघडा ठेवला काय. मग उठले आणि म्हणाले, "तू बघ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ तर. दोन्ही डोळ्यांनी बघ."

मी गुडघे टेकून बघितलं. "खालच्या कोपऱ्यात फट जरा जास्त वाटते." मला वाटलं, आता वाद घालणार. ह्यांच्या कामात फट काढायची कुणाची छाती नव्हती आजवर. त्यांनी पाना घेतला आणि मुकाट्याने बोल्ट सैल केला.

रंग अजून व्हायचा होता, तरी शाळेसाठी गाडी काढली. निळी, हिरवी, पांढरी, लाल. सर्कसची गाडी शोभली असती. स्टिअरिंगवर मी, डावीकडे दप्तर मांडीवर घेऊन नात, आणि मागे हे. ह्यांनी आपणहून मागचं दार उघडलं होतं.

गिरणीचं वळण आलं. मी गाडी हळू केली आणि डावीकडे नजर टाकली, तर पोरीने दोन्ही हातांनी कान गच्च झाकले होते. खांदे वर घेतलेले, डोळे मिटलेले.

"काय गं? काय झालं?"

"भिंत आली ना," ती म्हणाली. "इथे गाडी ओरडते."

कितीतरी सकाळी ती अशीच बसली असेल, आणि आम्ही जेवताना हसलो होतो. गाडी वळली. भिंत मागे गेली. पोरीने एक डोळा उघडला, मग दुसरा, मग हात खाली घेतले. "आज नाही ओरडली," म्हणाली आणि दप्तराच्या पट्ट्याशी खेळायला लागली.

मी आरशात पाहिलं. हे पुढे वाकले होते, आणि सीटवरून हात घालून त्यांनी तो नात आणि नव्या दरवाजाच्या मधे धरला होता. शाळा येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.